मॅलरी स्क्वेअरचा सूर्यास्त: आधी खेळ, मग सूर्य

फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ बेटावर बरेच जण ऐन सूर्यास्ताच्या वेळी मॅलरी स्क्वेअरच्या धक्क्यावर पोहोचतात आणि पुढच्यांच्या टोप्या बघून परततात. इथले रस्त्यावरच्या कलाकारांचे खेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधीच सुरू होतात. जूनमध्ये सूर्य साधारण ८:२० ला मावळतो, डिसेंबरात ५:४० च्या सुमारास. त्यावरून मागे मोजा.

गाडी लांब लावून चालत या. आधी डोंबारी, जादूगार, आगीचे गोळे झेलणारे बघून घ्या. कलाकार पोट भरतात ते टोपीत पडणाऱ्या पैशांवर, म्हणून एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा खिशात हव्यातच. सगळ्यात अवघड करामत शेवटी राखलेली असते, टोपीही तेव्हाच फिरते. नेमकं त्याच वेळी सटकणं फार वाईट दिसतं.

सूर्य टेकायला वीस मिनिटं उरली की कठड्याशी जागा धरा. फोटोत कलाकाराचा चेहरा काळा येतो, कारण फोन मागचा उजेड मोजतो. चेहरा हवा तर स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावा. नुसती आकृती हवी तर आकाशाला.

सूर्य बुडाला की गर्दी ड्युव्हाल स्ट्रीटकडे पळते. तुम्ही थांबा. ढग असतील तर खरे रंग पुढच्या पंधरा मिनिटांत चढतात.