फायटरची जोडी एकत्र ठेवताय? या चुका टाळा

“एकटा कंटाळेल म्हणून त्याला मादी आणली.” फायटर, म्हणजे बेट्टा मासा, पाळणाऱ्यांकडून हे ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मादीची शेपटी कुरतडलेली असते, ती हीटरमागे दडून बसते आणि मालकाला वाटतं पाणी बिघडलं. पाणी बरोबर असतं, चूक ‘जोडी’ या कल्पनेत असते. बेट्टा संसार करत नाहीत. नर-मादी भेटतात ते अंड्यांपुरते, काही तास. एरवी नराच्या लेखी मादी म्हणजे हद्दीत घुसलेला मासा. थायलंडच्या उथळ, झाडोऱ्यानं भरलेल्या पाण्यात ती पळून जीव वाचवते. टाकीत पळणार कुठे? त्यात टाकीतला बेट्टा हा झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या माशांचा वंशज.

मादी आहे याची खात्री न करणं

आखूड पर म्हणजे मादी, असं धरून चालू नका. प्लाकाट जातीच्या नराचे परही आखूडच असतात आणि वयात न आलेले नर हुबेहूब मादीसारखे दिसतात. माझी एक ‘मादी’ तिसऱ्या आठवड्यात फेसाचं घरटं बांधायला लागली! पोटाखाली मीठाच्या खड्यासारखा पांढरा ठिपका बघा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण लहान नरांतही तसा ठिपका कधीकधी दिसतो. आरसा दाखवा. कल्ल्यांखालून दाढीसारखा मोठा पडदा बाहेर आला तर तो बहुधा नर.

घरटं दिसलं की मादी सोडणं

नर एकटा असला तरी बुडबुड्यांचं घरटं बांधतो. ते आमंत्रण समजू नका. तयारी बघायची ती मादीची: पोट अंड्यांनी भरलेलं आणि अंगावर उभे पट्टे. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे. फिक्या रंगाच्या मादीत पट्टे दिसतच नाहीत, तिथे पोट आणि वागणं यांवर भिस्त ठेवावी लागते.

भेटीआधी आठवडा-दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवून जिवंत किंवा फ्रोझन खाद्य द्या. मग नराच्या टाकीत, २६ ते २८ अंश तापमानाच्या आणि १०-१५ सेंटीमीटर खोल पाण्यात, मादीला पारदर्शक बरणीत ठेवून दिवसभर एकमेकांना बघू द्या. जावा मॉस (टाकीत वाढणारं शेवाळासारखं झाड), रुंद पानं, आडोसे भरपूर हवेत. तिनं उभे पट्टे दाखवले, डोकं खाली घालून ती त्याच्याकडे वळली, तर मोकळं सोडा. थोडा पाठलाग आणि एखादा फाटका पर यानं घाबरू नका. पण मादी कोपऱ्यात निपचित पडली, खवले उडाले किंवा नर तिला श्वास घ्यायलाही वर येऊ देत नसेल, तर त्याच क्षणी बाहेर काढा. बेट्टाला पृष्ठभागावरची हवा लागतेच.

अंडी घातल्यावर मादी तशीच राहू देणं

बऱ्याच माद्या इथे मरतात. अंडी घालतानाची नर-मादीची मिठी संपली की नर अंडी तोंडानं वेचून घरट्यात ठेवतो आणि मग मादी त्याच्यासाठी अंडीचोर ठरते. तिला लगेच काढा. पिल्लं साधारण दीड दिवसात निघतात, त्यानंतर तीनेक दिवसांत आडवी पोहायला लागतात. तेव्हा नरही काढा. पहिलटकर नरानं अंडी खाल्ली तर वैतागू नका, पुढच्या वेळी टाकीपाशी वर्दळ कमी ठेवा.

पारदर्शक पार्टिशन

दोघांना कायमचं एका टाकीत ठेवायचंच असेल तर पार्टिशन अपारदर्शक हवं. काचेतून शत्रू दिसत राहिला तर नर दिवसभर पर फुलवून दमतो, खाणं सोडतो. पार्टिशन झाकणापर्यंत न्या. बेट्टा उड्या मारण्यात पटाईत.

जखमी मादी

तिला वेगळ्या, हीटर लावलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवा आणि रोज थोडं पाणी बदला. नुसते पर फाटले असतील तर औषधांची घाई नको, ते परत येतात. कडा काळ्या किंवा पांढऱ्या होऊन सड अंगाकडे सरकायला लागली तरच औषधाकडे वळा. आणि जखम भरली म्हणून तिला लगेच त्याच नराकडे पाठवू नका. काही नरांचं कुठल्याच मादीशी जमत नाही. माझा एक निळा तसाच होता, शेवटपर्यंत एकटाच राहिला, आणि मजेत राहिला.