कुत्र्याला घेऊन दोन दिवस शहरात
हॉटेल बुक करण्याआधी फोन करून एक गोष्ट नक्की विचारा: कुत्र्याला खोलीत एकटं ठेवलेलं चालतं का? ‘पाळीव प्राणी चालतात’ म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हे चालत नाही, आणि तुमचं जेवणखाण, भटकणं सगळं त्यावरच ठरतं. निघण्याआधी ३-४ तास पोटभर खाऊ घालू नका, बिचाऱ्याला गाडी लागते. त्याची रोजची चादर न धुता घ्या. ओळखीच्या वासावर तो परक्या खोलीतही लवकर निजतो. रेबीजच्या लसीची नोंद जवळ हवीच. दुपारी बाहेर पडताना हाताचा मागचा भाग ७ सेकंद फुटपाथवर टेकवून बघा. चटका सोसवला नाही, तर त्याचे पंजेही भाजतील. फिरणं संध्याकाळवर ढकला.