रिपोर्ट कार्ड हातात आलं की आधी ग्रेड झाका

इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवलं. आता अर्धवार्षिक परीक्षा आटोपली की रामबागेतले शेजारीपाजारी मुलांची कार्डं घेऊन माझ्याकडे येतात. परवा खालच्या मजल्यावरची सूनबाई आली, अगदी रडवेली. "काकू, सायन्समध्ये नववीत ए२ होता, आता दहावीत बी१. अभ्यासच करत नाही हो!"

मी तिला ग्रेडवर बोट ठेवायला लावलं आणि बाकीचे आकडे वाच म्हटलं. लेखी ८० पैकी ६१, अंतर्गत २० पैकी १२. नववीत होते ६३ आणि १९. म्हणजे लेखीत दोनच गुण कमी, सात गेले अंतर्गतमधले. मुलावर उगाच बोलणी पडली होती.

या २० गुणांची फोड शाळेकडून मागून घ्या. पीरियॉडिक टेस्टचे म्हणजे अधूनमधून होणाऱ्या चाचण्यांचे ५, मल्टिपल असेसमेंटचे म्हणजे तोंडी परीक्षा, क्विझ वगैरेंचे ५, पोर्टफोलिओचे म्हणजे वह्या आणि वर्गातल्या कामाचे ५ आणि सब्जेक्ट एन्रिचमेंटचे म्हणजे विषयाशी जोडलेल्या प्रत्यक्ष कामाचे ५. सायन्समध्ये हे शेवटचे पाच प्रयोगांचे असतात. या मुलाला पोर्टफोलिओत २ आणि प्रयोगात २ मिळाले होते, कारण फाइल अर्धी कोरी. पालकसभेत "अभ्यासात कसा आहे?" असं विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. "कोणती वही, कोणती फाइल बाकी आहे?" असं विचारा, बाई लगेच रजिस्टर उघडतील.

टाइमटेबलही स्वयंपाकघरात लावा आणि लॅबच्या पीरियडवर खूण करा. लग्नकार्याला सुट्टी घ्यायचीच असेल, तर तो दिवस टाळा. बोर्डाला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हेही ध्यानात असू द्या.

आता ग्रेडबद्दल. शाळेच्या कार्डावर ९१ पासून पुढे ए१, ८१ ते ९० ए२, ७१ ते ८० बी१, असा ठरलेला हिशेब असतो. दहावीच्या बोर्डाचा तसा नसतो. तिथे त्या विषयात पास झालेल्या सगळ्यांची गुणांनुसार रांग लावतात. पहिल्या अष्टमांशाला ए१, पुढच्याला ए२. त्यामुळे ९१ गुणांनाही ए२ येऊ शकतो. मार्कशीटवर गुण पाहा, अक्षरावरून घरात भांडण नको.

२०२६ पासून दहावीची बोर्ड परीक्षा दोनदा होते. पहिली सगळ्यांना सक्तीची. दुसरीत जास्तीत जास्त तीन विषयांचे गुण सुधारता येतात. पण अंतर्गत मूल्यमापन एकदाच. ते २० गुण मे महिन्यातल्या दुसऱ्या परीक्षेत परत मिळवता येत नाहीत.

अकरावीच्या प्रवेशाआधी आणखी एक विचारून घ्या. माझ्या भाचीला गणित आणि बायॉलॉजी दोन्ही हवं होतं. फी भरल्यावर कळलं, त्या शाळेत दोन्ही विषय एकाच पीरियडला. रडत रडत तिने गणित सोडलं, आणि मी गणिताची बाई असून आधी विचारलं नव्हतं. हवे ते विषय कागदावर लिहून न्या, टाइमटेबल समोर ठेवायला सांगा, मगच फी भरा.

सूनबाईंचा मुलगा सध्या रोज संध्याकाळी माझ्या ओसरीत बसून प्रयोगांची फाइल पुरी करतो. सात प्रयोग राहिलेत.