किल्लीचं घड्याळ बंद पडलंय? झाकण उघडण्याआधी हे तपासा

मनगटी घड्याळ थांबलं की घरात पहिला ठपका बसतो तो किल्ली जास्त दिल्याचा. त्यात तथ्य नाही. किल्ली पूर्ण दिल्यावर ती अडते आणि निरोगी घड्याळ त्या स्थितीत उत्तम चालतं. किल्ली गच्च आहे आणि तरीही घड्याळ थांबलंय, म्हणजे मेनस्प्रिंगमध्ये (किल्ली दिल्यावर गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) जोर आहे, तो पुढे कुठेतरी अडतोय. तो कुठे अडतोय हे बऱ्याचदा झाकण न उघडताही कळतं.

खालचं सगळं एचएमटीच्या जनता, पायलट या जातीच्या घड्याळांना धरून लिहिलंय. 17 ज्वेल (चाकांची टोकं टेकतात ते खडे), हाताने किल्ली, ताशी 18000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. बहुतेक जुन्या स्विस आणि जपानी घड्याळांनाही हीच तपासणी चालते.

सुरुवात किल्लीपासून. आधी ती आत नीट दाबलेली आहे ना ते बघा. वेळ लावताना ओढलेली किल्ली अर्धवट बाहेर राहणं हा सगळ्यात स्वस्त बिघाड. मग अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवा आणि मोजा. साधारण 25 ते 35 अर्ध्या-पाऊण वळशांत ती घट्ट व्हायला हवी. पन्नास-साठ झाले तरी घट्ट होत नसेल, तर मेनस्प्रिंग तुटलीय किंवा तिचं बाहेरचं टोक ती ज्यात बसते त्या ड्रमच्या भिंतीवरून सुटलंय. (ऑटोमॅटिक घड्याळाला हा नियम लावू नका, तिथे स्प्रिंग मुद्दाम घसरती ठेवलेली असते.) बोट सोडताच किल्ली सर्रकन उलटी फिरत असेल, तर रॅचेटला (किल्लीने फिरणारं दातेरी चाक) उलट फिरण्यापासून अडवणारा क्लिक नावाचा खटका किंवा त्याची बारीक स्प्रिंग गेली. दोन्ही बाजूंना किल्ली मोकळी फिरते, टकटक आवाजही नाही? मग दोष किल्लीच्या दांड्याशी किंवा तिथल्या दातांशी. दांड्यासकट किल्ली हातात येऊ लागली तर ओढू नका.

किल्ली घट्ट आहे, घड्याळ बंद आहे, असं असेल तर ते तबकडी वर ठेवून आडवं धरा आणि मनगटातून झटक्याने डावीकडे-उजवीकडे फिरवा. अर्धा मिनिट चालून पुन्हा थांबलं, तर बहुतेक वेळा वाळून गोंद झालेलं तेल आणि धूळ हेच कारण निघतं. आजोबांच्या कपाटातून निघालेल्या घड्याळांचं नव्वद टक्के दुखणं हेच असतं, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

कुठल्या वेळेला थांबतं तेही लिहून ठेवा. तास आणि मिनिट काटे साधारण दर 65 मिनिटांनी एकमेकांवर येतात. घड्याळ नेमकं तेव्हाच अडकत असेल तर काटे एकमेकांना घासताहेत. भिंगातून बाजूने बघा, प्रत्येक दोन काट्यांमध्ये फट दिसली पाहिजे. सेकंद काट्याचं टोक काचेला लागतं का, तेही बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘नव्यासारख्या’ एचएमटींमध्ये हा दोष वरचेवर दिसतो, कारण तबकडी पुन्हा रंगवलेली, काटे दुसऱ्याच मॉडेलचे आणि काच बुटकी बसवलेली असते.

पुढची परीक्षा ठेवण्याच्या पद्धतीची. तबकडी वर, तबकडी खाली, किल्ली खाली, अशा प्रत्येक स्थितीत दहा-दहा मिनिटं ठेवा. एकाच स्थितीत थांबत असेल तर संशय बॅलन्सच्या (मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक) दांडीवर. तिची टोकं जाडीला 0.1 मिमीच्या आसपास असतात. धक्का झेलणारी ज्वेलची रचना असली तरी फरशीवर पडल्यावर ती वाकू किंवा तुटू शकतात.

आता झाकण. कडेला खाच दिसली तर ते दाबून बसवलेलं आहे. त्यासाठी घड्याळाची खास सुरी मिळते. स्वयंपाकघरातली सुरी घसरली की थेट मशीनमध्ये जाते. आट्यांचं झाकण चिकट रबरी चेंडूने दाबून फिरवता येतं. उघडल्यावर तोंडाने फुंकू नका, थुंकीचा शिंतोडा पडून गंज धरतो. रबरी ब्लोअर वापरा. ब्लोअरची हलकी फुंकर बॅलन्सवर मारा. तो मोकळा झुलून हळूहळू मंदावला, तर बॅलन्स ठीक आहे, त्याच्यापर्यंत जोर पोचत नाही. फुंकर मारताच दोन हेलकाव्यांत अडला किंवा तिरपा डोलला, तर दांडी तुटलीय किंवा हेअरस्प्रिंग (बॅलन्सला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) कशाला तरी लागतेय. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकसारख्या अंतरावर दिसायला हवीत. दोन चिकटलेली दिसली तर तेल किंवा चुंबकत्व. चुंबकत्वाने मात्र घड्याळ सहसा थांबत नाही, दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. होकायंत्राजवळ धरल्यावर सुई नाचली की डीमॅग्नेटायझर लावून घ्या.

इथे थांबा. किल्ली भरलेली असताना पॅलेटचा (चाकांना एकेक दात पुढे सोडणारा बारीक भाग) पूल, म्हणजे त्याला धरून ठेवणारी पट्टी, उघडला तर सगळी चाकं एकदम सुसाट सुटतात आणि दाते, टोकं मोडतात. घड्याळजी आधी क्लिक मागे धरून किल्ली बोटांत हळूहळू सोडतात, ती याचसाठी. आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा मोह आवरा. ते पसरतं आणि हेअरस्प्रिंगवर चढतं. शिवाय अख्ख्या मशीनला लागणारं तेल मिळून एक थेंबही होत नाही.

पाणी गेलं असेल तर वरचं सगळं विसरा. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसात काचेच्या आत वाफ दिसली की किल्ली बाहेर ओढा आणि त्याच दिवशी दुकान गाठा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतला ओलावा निघत नाही, किल्लीच्या दांड्याला आणि स्प्रिंगांना मात्र गंज चढतो.

दुकानात एकच प्रश्न विचारा: मशीन पूर्ण सुटं करून धुणार, की बंद मशीन पेट्रोलमध्ये बुडवून देणार? बुडवलेल्यात जुना गोंद पातळ होतो, घड्याळ काही दिवस छान चालतं आणि मग कोरडं घासत पुन्हा बंद पडतं. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला, त्यामुळे सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातून काढलेले येतात. कुठला भाग बदलला ते विचारा आणि जुना भाग परत मागा. घरी आणल्यावर रोज ठराविक वेळी पूर्ण किल्ली द्या. सकाळी भरलेली किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सहज पुरली पाहिजे. रात्रीच थांबलं, तर बहुधा मेनस्प्रिंग थकलेली आहे. ती न बदलता घड्याळ नुसतं धुऊन दिलेलं असण्याचीच शक्यता जास्त.