हिंडेमिटची ‘सी शाँसोँ’ बसवताना या चुका टाळा

पाउल हिंडेमिट या जर्मन संगीतकाराने १९३९ साली, स्वित्झर्लंडमध्ये राहत असताना, जर्मन भाषेतले कवी रिल्के यांच्या सहा फ्रेंच कवितांना वाद्यांच्या साथीविना गायच्या चार आवाजांच्या समूहगीतांचे रूप दिले. हरिणी, हंस, सरून जाणारे क्षण, वसंत, हिवाळा आणि फळबाग अशी ही ‘सी शाँसोँ’ (‘सहा गीते’) गीतमाला जेमतेम सात-आठ मिनिटांची आहे. लहान आहे म्हणून ती सोपी समजणे, ही बहुतेक गायकवृंदांची पहिली चूक असते.

दुसरी चूक अर्थाची आहे. मालेत वसंत आणि हिवाळा आहेत, म्हणून तिला ‘ऋतुगीते’ म्हणून बसवले जाते आणि मग वसंत प्रसन्न, हिवाळा उदास अशी सरधोपट विभागणी होते. उन्हाळ्याचे आणि शरदाचे स्वतंत्र गीत येथे नाहीच, आणि ऋतू खऱ्या अर्थाने पालटतो तो पाचव्या गीताच्या आत. त्या कवितेत हिवाळ्यातला मृत्यू घराघरांत शिरून माणसांपुढे व्हायोलिन वाजवतो. वसंताच्या कुदळीने माती हलू लागली, की तोच मृत्यू रस्त्यावर धावत सुटतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिवादन करतो. म्हणजे मृत्यू गेलेला नाही, फक्त घराबाहेर पडला आहे. पहिला भाग रडका आणि दुसरा आनंदाने उधाणलेला गायला, तर कवितेतली ही बोचरी थट्टा हरवते.

उच्चारांत मात्र बराच वेळ घालवावा लागतो. ‘वसंत’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आपले गायक पुष्कळदा रोमन अक्षरे पाहून ‘प्रिंटेम्प्स’ असा वाचतात. त्याचा उच्चार साधारण ‘प्रँताँ’ असा आहे, आणि त्यातला अनुनासिक स्वर ‘न्’ किंवा ‘म्’ने बंद होता कामा नये. कसोटी सोपी आहे. स्वर लांबवताना नाक चिमटीत धरावे : आवाज बदलला पण चालू राहिला तर स्वर अनुनासिक आहे, पूर्ण थांबला तर गायक ‘न्’ म्हणत आहे. घरी कोकणी बोलणाऱ्यांना हे लवकर जमते, कारण असे स्वर त्यांच्या रोजच्या बोलण्यातच असतात. उलट शब्दाच्या अंती येणारा, बोलताना गळणारा ‘अ’सारखा स्वर आपण सवयीने गिळून टाकतो, स्वरलिपीत त्याला स्वतंत्र स्वर दिला असेल, तर तो हलकाच, पण गायलाच पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण सुराची. तानपुऱ्यावर तयार झालेला कान षड्ज शोधतो, आणि तो सापडला की बाकीचे स्वर जागी बसतात. येथे मात्र आधाराचा स्वर सतत सरकत राहतो, त्यामुळे एकाच षड्जाला धरून केलेली सरगम थोड्याच वेळात दिशाभूल करू लागते. अशा वेळी पियानोवर प्रत्येकाची ओळ ठोकून पाठ करून घेणे हा उपाय नव्हे, कारण पियानोच्या समविभागी (सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या) स्वरांतल्या गांधारांशी कान बांधला गेला, तर चार आवाज एकत्र आल्यावर स्वरसंवाद बेसूर वाटतो. त्यापेक्षा आधी फक्त सोप्रानो (सर्वांत उंच आवाज) आणि बास (सर्वांत खालचा आवाज) यांना शब्दांशिवाय, एकाच स्वरवर्णावर, संथ लयीत गायला सांगावे. पंचम आणि मध्यमाची अंतरे शुद्ध जुळली, की आल्टो आणि टेनर हे मधले दोन आवाज त्यांत मिसळावेत. सूर उतरत असेल, तर पुन्हा पुन्हा येणारा तोच स्वर आणि खाली येणाऱ्या पायऱ्या या दोन जागा आधी तपासाव्यात, कारण घसरण बहुधा तेथेच सुरू होते.

तिसरे गीत अतिशय द्रुत आणि अगदी छोटे आहे. ते सरावात संथ घ्यावे हे खरे. पण श्वासाच्या जागा द्रुत लयीप्रमाणेच ठरवाव्यात, नाहीतर संथ लयीत लागलेली जास्तीच्या श्वासांची सवय कार्यक्रमात ओळी तोडते. ‘सगळेच सरून जाणार, तर गाणेही क्षणिक असू द्या’ असे सांगणाऱ्या शब्दांना अडखळत म्हणणे फारच विनोदी दिसते.

दोन गीतांमध्ये स्वरकाटा (सूर देणारा धातूचा चिमटा) कितीदा वाजवायचा, हेही आधीच ठरवावे. पाचव्यानंतर तो हवाच असेल, तर निर्देशकाने तो स्वतःच्या कानाशी धरावा आणि सुरुवातीचे स्वर गुणगुणून द्यावेत. श्रोत्यांसमोर चारही गटांनी आपापला स्वर मोठ्याने तपासू नये, कारण फळबागेच्या गीतातला सावलीचा शांतपणा त्या आधीच्या निःशब्द क्षणापासूनच सुरू होतो.