थरथरणारी ऑटोमॅटिक गाडी गॅरेजला नेण्याआधी

गाडी गरम करून न्या. सकाळी थंड इंजिनाचं आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल) मुद्दामच चढं असतं, त्यात थरथर लपते. मेकॅनिक स्टिअरिंगवर हात ठेवतो, "कांयच ना" म्हणतो आणि आपण हात हलवत परत. गेल्या खेपेला माझं हेच झालं. त्यामुळे निदान 20 मिनिटं चालवून, गरम.

गाडी एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं) असेल तर पुढचं बरंचसं सोडून द्या. तिच्यात ब्रेकवर क्लच सुटलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या गिअरात) थांबलं तरी इंजिन तेलामार्फत गिअरबॉक्सला रेटतच असतं. थोडी थरथर चालायचीच. कप होल्डरमधली नाणी वाजू लागली, तर नाही.

कागदावर लिहून काढा: डी, एन (न्यूट्रल), आर (रिव्हर्स), प्रत्येक एसी लावून आणि एसी बंद करून, आरपीएमसकट (इंजिनाचे मिनिटाला फेरे, डॅशबोर्डवरचा काटा). गोव्यातल्या रायबंदरच्या फेरीबोटीची रांग यासाठी झकास: पाय ब्रेकवर, एसी चालू, गाडी गरम (गरम!). पेट्रोल गाडीचा काटा साधारण 600 ते 800मध्ये स्थिर हवा. 'डी'त थरथर आणि 'एन'मध्ये शांत, काटाही ठीक, तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. 'एन'मध्येही अडखळत असेल तर प्लग, कॉइल (ठिणगी पाडणारे भाग). एसी लावताच काटा खाली बसत असेल तर थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतला) कार्बन. हे न बघता गिअरबॉक्स खोलू देऊ नका, कुणी कितीही ठामपणे सांगो.

माउंटिंग बघायला दोघं लागतात. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला. बॉनेट उघडून दुसऱ्याने बाजूला उभं राहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नको, पोरं तर मुळीच नकोत. डीमधून आरमध्ये टाकताना इंजिन उसळलं, तर माउंटिंग गेलं समजा. तेल भरलेलं माउंटिंग फुटलं की खाली काळा ओघळ दिसतो. ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नका.

सायलेन्सरचे रबर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी: एक नजर. स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावायला सांगा. चतुर्थीच्या तोंडावर जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. आणि गॅरेजात नंबर येईपर्यंत गाडी निवली, तर आधी एक फेरी मारून आणा, मगच दाखवा.