गाळे, दवाखाने, ऑफिसं : केबल निवडताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉम्प्लेक्समधून फोन आला. दुपारी दोन वाजले की एसी बंद पडतात आणि संध्याकाळी आपोआप नीट चालतात. एसीवाला म्हणतो लाइटीचा दोष, वायरमन म्हणतो एसीचा. तिसरा मजला, वर पत्रा. फॉल्स सीलिंगमधून हात घातला तर पाइपाचा चटकाच बसला. त्या एका पाइपात एसीची सहा सर्किटं, सगळी अडीच एमएमची (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर). एक वायर ओढून पाहिली. तिचा लाल रंग चॉकलेटी पडलेला, वाकवली की इन्सुलेशन तडकत होतं. खाली डीबीत, म्हणजे सर्किटं वाटणाऱ्या पेटीत, १६ अँपिअरच्या एमसीबी (करंट वाढला की सप्लाय तोडणारे स्विच) काढून कुणीतरी ३२ च्या बसवल्या होत्या. "सारखी ट्रिप व्हायची हो, मग मोठी टाकून घेतली," गाळेवाले म्हणाले.

एमसीबी वायरला वाचवायला असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली की जळायची पाळी वायरवर येते.

पण मुळातली चूक त्याआधीची. कॅटलॉग उघडला, अडीच एमएमसमोर २४ अँपिअर वाचलं आणि कॉइल आणली. पाइपातल्या पीव्हीसी वायरला हे २४ मिळतात ते भोवती ३० अंश आणि पाइपात एकच सर्किट असेल तर. सहा सर्किटं एकत्र भरली तर त्याला ०.५७ नं गुणायचं. पत्र्याखाली ५० अंश धरले तर आणखी ०.७१ नं. उरतात साधारण पावणेदहा अँपिअर. इथं एकेका सर्किटवर दीड टनाचे दोन एसी, म्हणजे चालू असताना १४ अँपिअर. संध्याकाळी पत्रा निवायचा आणि लोडही उतरायचा, म्हणून तेव्हा तक्रार नसायची.

त्यात अंतर. डीबी तळमजल्यावर, तिथून एसीपर्यंत वायरचा फेरा एका बाजूनं ४५ मीटर. अडीच एमएम तांब्यात, जाणारी-येणारी दोन्ही वायर धरून, फेऱ्याच्या दर मीटरला, दर अँपिअरला सुमारे १८ मिलिव्होल्ट पडतात. १८ गुणिले ४५ गुणिले १४, म्हणजे ११ व्होल्टच्या वर. मीटरपाशी २१८ होते, वर सॉकेटवर २०७ आले. सहा एमएमला हाच आकडा ७.३ मिलिव्होल्टचा, म्हणजे पडतात साडेचार व्होल्ट. आम्ही सहा एमएम ओढली, दोन-दोन सर्किटांचे तीन पाइप पत्र्याखालून काढून पॅसेजमधून नेले आणि एमसीबी २० च्या केल्या. खर्च ऐकून मालकांचा चेहरा उतरला, पण आधीच्या माणसानं फेरा टेपनं मोजला असता तर हा खर्च दोनदा झाला नसता.

दुसरी चूक न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची, आणि ती केबलचा खर्च वाचवायच्या नादात होते. मीटर रूमपासून मजल्यापर्यंत साडेतीन कोअरची (तीन फेज आणि एक बारीक न्यूट्रल) अॅल्युमिनियम आर्मर्ड, म्हणजे वरून स्टीलचं कवच असलेली, केबल टाकतात. तिच्यात न्यूट्रल फेजच्या साधारण निम्म्या जाडीचा असतो : ७० एमएमला ३५. मोटारींच्या लोडला ते चालून जायचं. आता मजल्यावर एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटर, यूपीएस असतात, आणि त्यांचे तिसरे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट वेगाचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, तिन्ही फेजचे बेरजेत येतात. त्यामुळे तिन्ही फेजवर लोड अगदी सारखा असला तरी न्यूट्रलमधून फेजपेक्षा जास्त करंट वाहू शकतो. ट्रू आरएमएस टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) न्यूट्रलवर लावून एकदा बघाच. साधा टाँग टेस्टर इथं फसवतो. असा न्यूट्रल लगपाशी (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीपाशी) जळून सुटला की २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० कडे झुकणारं व्होल्टेज येतं आणि एका क्षणात मजल्यावरचे अडॅप्टर जातात. ऑफिस आणि क्लाससाठी पूर्ण न्यूट्रलची चार कोअरच घ्या.

लगचं बोलतोय तर हेही सांगतो. केबल जाड, लग बारीक, मग वायरमन पक्कडीनं चार तारा छाटतो आणि लग हातोडीनं ठोकून बसवतो. हे मी एकाच वर्षात तीन पॅनलमध्ये पाहिलंय. मापाचा लग आणि क्रिम्पिंग टूलच वापरा, आणि अॅल्युमिनियम केबल पॅनलमधल्या तांब्याच्या पट्टीला (बसबारला) जोडायची तर बायमेटल, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग लावा. नाहीतर सांधा दमट हवेत गंजतो, सैल होतो आणि तापतो.

सिंगल कोअर केबलला स्टीलचं आर्मर नको, अल्टरनेटिंग करंटमध्ये ते स्वतःच तापतं. तिन्ही फेज पॅनलच्या लोखंडी ग्लँड प्लेटच्या (केबल आत घ्यायच्या पत्र्याच्या) वेगवेगळ्या भोकांतून नेले तरी प्लेटचं तेच होतं.

"एफआर वायर आहे, जळत नाही," हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. एफआर म्हणजे आग वायरवरून पुढं पसरायला अडथळा, एवढंच. पीव्हीसी जळली की दाट काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघतोच. एफआरएलएसमध्ये (कमी धुराच्या वायरमध्ये) हे कमी होतं. पण मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, जिथं सलाइन लावलेला पेशंट जिन्यातून उतरवायचा असतो, तिथं रायझरमध्ये (मजल्यांमधून वर जाणाऱ्या केबलच्या वाटेत) आणि पॅसेजमध्ये हॅलोजन नसलेली एचएफएफआर टाका. तिचं मानक आयएस १७०४८. फायर पंपाची केबल मात्र यातली कुठलीच नको. आगीतही ठरावीक वेळ चालू राहणारी, मायका टेप गुंडाळलेली फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी मिळते. नेहमीच्या वायरवरही आयएस ६९४ आणि सीएम/एल (बीआयएसचा लायसन्स) नंबर छापलेला असतो; तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की खरा की खोटा कळतो.

शेवटी सांगलीची खास गोष्ट. पुरात बुडालेल्या पॅनलची केबल वरून पुसून, वाळवून पुन्हा लावतात. पण उघड्या टोकातून शिरलेलं पाणी तारांच्या मधून बरंच आत गेलेलं असतं. सगळी उपकरणं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचा मीटर) लावा. एक मेगाओमच्या खाली दिसलं तर सप्लाय देऊ नका. ओला भाग कापून पुन्हा मोजा, नाहीतर केबल बदला. मारुती चौक, हरभट रोड भागात नवं काम आलं की मी ड्रॉइंगआधी शेजारच्या दुकानदाराला २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आली होती ते विचारतो. पॅनल आणि केबलचं प्रत्येक टोक त्या रेघेच्या वरच घेतो, मग मालकांना शटरवरची जागा कितीही हवी असली तरी.